आता कुणाची पाळी

सोहारहून निघालो तेव्हा गाडीत
दोन तंबू, गॅसची शेगडी, डबाभर भाजणी
आणि मागे खिडकीवरून भांडणारी ऋजुता आणि ओजस.
"आता माझी पाळी!" "नाही, माझी!"
मध्ये तात्या. व्हिजिट व्हिसाचा सहावा आठवडा,
मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत कानटोपी.
"डोंगरात थंडी असते,"
समाईलच्या खिंडीपर्यंत एवढंच बोलले.

तीन महिने नकाशा आखला होता यशोधननं:
जबल अख्दर, तिथली जुनिपरची झाडं,
मग दरीच्या काठावर एक रात्र,
मग राखीव जंगल, तिथल्या परमिटची दोन प्रिंटं.
बिरकत अल मौजच्या नाक्यावर पोलिसानं
आधी चाकांकडे पाहिलं, मग आमच्याकडे.
"फोर बाय फोर?"
नाही.
त्यानं मुलांना खजूर दिला आणि गाडी वळवायला लावली.

कुणीच बोललं नाही.
नकाशा डॅशबोर्डवर, तसाच उघडा.

खाली कोरडी वादी दिसली, सपाट, पांढऱ्या गोट्यांची.
यशोधननं खुंट्या काढल्या, तर तात्या उतरलेच नाहीत.
"ओढ्यात बिऱ्हाड मांडत नाहीत.
त्या बोरीकडे बघ, काटक्या कुठवर अडकल्यात."
पाहिलं. माझ्या डोक्याच्या वर दोन हात
काटक्या, दोरखंड, कुणाची तरी एक निळी चप्पल.
आकाशात ढगाचा ठिपका नव्हता.
तरी तंबू वर नेले, माडीच्या उंचीवर,
खजुरांच्या कडेला.

तिथे पाट होता.
हातभर रुंद, दगडात बांधलेला, झुळझुळता.
"फलज," ऋजुतानं शाळेतलं सांगितलं.
तात्यांनी चपला काढल्या,
एक वाळकं पान पाण्यावर सोडलं
आणि त्याच्या बरोबरीनं चालू लागले, ओठांत आकडे मोजत.
एकतीस वर्षं पाटकरी होते, राहुरीकडे, चारी नंबर नऊवर.
आमच्या फ्लॅटमध्ये मात्र रिमोट शोधण्यापलीकडे
त्यांना काही काम नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं होतं,
"समुद्राचं पाणी गोड करतोस म्हणे. मग पाळी कशी ठरते?"
यशोधन फोनवर होता.
"मीटरनं," म्हणाला.

रात्री तीनला मला जाग आली. तंबूत तात्या नाहीत.
बाहेर पाटाशी दोन म्हातारे उभे.
दुसऱ्याच्या हातात खोरं, मनगटावर चांगलं जाड घड्याळ,
तरी तो बघत होता पश्चिमेच्या कड्याकडे,
जिथे ताऱ्यांचा एक घोस टेकायला आला होता.
तात्यांनी बोट केलं. "कृत्तिका."
त्यानं मान हलवली. "थुरय्या."
दोघंही एवढ्यावर थांबले. थंडी हाडात शिरत होती,
आणि एक कानटोपी
नकळत दुसऱ्या डोक्यावर गेली होती.

घोस कड्याआड बुडाला.
म्हाताऱ्यानं चिंध्यांचा बोळा उपसला, दगड सरकवला,
पाणी एका बागेतून उठून
दुसऱ्या बागेत गेलं, बिनआवाजाचं.
कुऱ्हाड नाही, शिवी नाही, तलाठी नाही.
तात्या बराच वेळ तिथेच.
त्यांच्या खांद्यावर चारी नऊवरच्या मारामारीची खूण आहे,
ती त्यांनी शर्टावरूनच एकदा चोळली.

मी परत येऊन झोपले. कुणाला सांगितलं नाही.

सकाळी थालीपिठं करपली, गॅस वाऱ्यानं फडफडत होता.
नासर नावाचा तो म्हातारा नातवाबरोबर आला,
टोपी धुऊन आणली होती, अजून ओली.
त्याच्या नातवाकडे फोर बाय फोर होती. वर नेतो म्हणाला.
यशोधननं तात्यांकडे पाहिलं.
"तुम्ही जा," तात्या म्हणाले,
"दहाला मशिदीमागच्या बागेची पाळी आहे. मी थांबतो."

यशोधन पण थांबला.
मुलं आणि मी वर गेलो. जुनिपर पाहिले.
छान होते, थोडे धुळकट.

उतरलो तेव्हा बाप-लेक पाटाच्या काठावर,
पाय पाण्यात, बोलत नव्हते.
मध्ये एक पान वाहत चाललं होतं
आणि यशोधनचे ओठ हलत होते.

परतीला खिडकीत तात्या बसले.
"पाळी" हा शब्द कुणी काढला नाही,
बरक्याच्या वळणापर्यंत तरी.